छोट्या हत्तीच्या डोक्यावर सूर्य

टपावर सोलर पॅनल लावा आणि डिझेल वाचवा, अशी ऑफर भिवंडीतल्या आमच्या टेम्पोवाल्या दादाला आली. प्रश्न २४ हजारांचा होता. मग काय, एक कॅल्क्युलेटर, एक मीटर आणि एक चाचा सोबत घेऊन आम्ही भर उन्हात उभे राहिलो...

एप्रिलमधला रविवार. मामाकडे भिवंडीला जेवायला गेले होते. आमरस-पुरी हाणून सगळे आडवे व्हायच्या बेतात, तेवढ्यात दादाने मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे वाच. तू पत्रकार ना? सांग, खरं की झोल?"

व्हॉट्सअॅपवरची जाहिरात होती. टपावर निळंशार पॅनल मिरवणारा चकाचक टेम्पो आणि खाली ठळक अक्षरांत दावा. डिझेलमध्ये २० टक्के बचत, वर्षभरात पैसे वसूल! पॅनल, कंट्रोलर, जादा बॅटरी आणि फिटिंग मिळून २४ हजार फक्त.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याचा स्वतःचा 'छोटा हत्ती' आहे. तोच मालक, तोच ड्रायव्हर, गरज पडली तर तोच हमाल. अंजूरफाट्याच्या पुढे वळ-दापोड्याच्या गोदामांतून माल उचलायचा आणि ठाणे, मुलुंड, कधी पार अंधेरीपर्यंत पोचवायचा. दिवसाला साधारण ८० किलोमीटर आणि ५ लिटर डिझेल, हा त्याचा ठरलेला हिशेब. गाडीचे हप्ते अजून १४ महिने बाकी. बाजूला टाकलेले २५ हजार होते खरे, पण त्यातले १८ हजार जूनमध्ये लेकीच्या शाळेची फी म्हणून जायचे होते.

"हे म्हणतायत, फी उशिरा भरू. सोलरचे पैसे सुटले की दंडासकट भरून टाकू," वहिनी ताटं उचलता उचलता म्हणाली. आवाज शांत होता, पण भांडी जरा जास्तच वाजत होती.

खरं सांगू? जाहिरात बघून माझी पहिली रिअॅक्शन 'वॉव' अशीच होती. फुकटचं ऊन, प्रदूषण नाही, वर खिशालाही आराम. आणखी काय पाहिजे? तुम्हीही विचार करा. तुमची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज नऊ तास उन्हात तापत उभी असते. संध्याकाळी दार उघडलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटतं. एवढ्या उन्हाचं काहीतरी करावं, असं कुणाच्याही मनात येईल. पण इथे माझ्या एका 'वॉव'वर एका पोरीची फी अवलंबून होती. म्हटलं, आधी हिशेब करू.

अर्धा घोडा!

हिशेब सोपा आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर जायची गरजच नाही. ऐन दुपारी, निरभ्र आकाशात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट एवढं ऊन पडतं. आज बाजारात मिळणारं बरं पॅनल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं, म्हणजे २०० वॉट. छोट्या मोटारीच्या टपावर फार तर दीड-दोन चौरस मीटर जागा. सगळं टप पॅनलने झाकलं तरी हातात येणार ३००-४०० वॉट.

आता एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे तुमच्या गाडीच्या इंजिनात ऐंशीएक घोडे जुंपलेले आणि टपावरचा सूर्य त्यांच्या मदतीला पाठवणार अर्धा घोडा. तोही फक्त भर दुपारी, ढग नसताना! शिवाय पॅनल टपावर आडवं पडलेलं. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं त्याच्यावरून घसरूनच जातात. पॅनल तापलं की त्याची ताकद आणखी कमी होते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के. मे महिन्यात टपाचा पत्रा किती तापतो, ते हात लावून बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. यात भिवंडीची धूळ आणि पावसाळ्याचे चार महिने धरलेलेच नाहीत.

म्हणजे सूर्य गाडी ओढणार, हे विसरा. पण जाहिरातवाले तसं म्हणतही नव्हते. त्यांचा मुद्दा जरा हुशारीचा होता.

डायनॅमोची गोष्ट

लहानपणी सायकलला डायनॅमो असायचा, आठवतंय? तो टायरला टेकवला की पुढचा दिवा लागायचा आणि पेडल एकदम जड व्हायचं. मोटारीतही हेच होतं. इंजिनाला पट्ट्याने जोडलेला आल्टर्नेटर असतो. दिवे, पंखा, हॉर्न, म्युझिक सिस्टिम या सगळ्यांना वीज पुरवायची आणि वर बॅटरी चार्ज करायची, हे त्याचं काम. विजेचा वापर वाढला की आल्टर्नेटर फिरवायला जड जातो, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि इंधन जास्त जळतं.

मग ही वीज सूर्याकडून घेतली तर इंजिनावरचा भार कमी होईल की नाही? होईल. यात खोटं काहीच नाही. युरोपियन कमिशनने २०१४ मध्ये वेबास्टो या कंपनीच्या बॅटरी चार्ज करणाऱ्या सोलर टपाला 'इको-इनोव्हेशन' म्हणून मान्यताही दिली. पण तिथल्या नियमांत एक गंमत आहे. गाडी सावलीत, इमारतींच्या आडोशाला, झाकलेल्या पार्किंगमध्ये उभी राहणार हे गृहीत धरून उन्हाच्या हिशेबाला आधीच मोठी कात्री लावली जाते. शिवाय साठवायला बॅटरीत जागा किती, हेही बघितलं जातं.

खरी गोम याच 'जागे'त आहे. पेट्रोल गाडीची बॅटरी म्हणजे भरलेला हंडा. गाडी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंदांचा झटका बसतो, तेवढंच पाणी कमी होतं आणि पाच-दहा मिनिटं गाडी चालली की आल्टर्नेटर ते पुन्हा भरून टाकतो. काल्हेरहून ऐरोलीला ऑफिसला जाणारी माझी मैत्रीण सकाळी नऊला गाडी पार्क करते, तेव्हा बॅटरी जवळपास फुल्ल असते. त्यानंतरचे नऊ तास ऊन कितीही ओता, हंड्यात जागाच नाही! संध्याकाळी सातला ती निघते, तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. म्हणजे पॅनलचा खरा उपयोग सकाळच्या तिरप्या उन्हातल्या पाऊण तासापुरता. वाचणारं पेट्रोल लिटरमध्ये मोजायचं नाही, चमच्याने मोजायचं!

आणि एसी? आपल्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर थेट इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, विजेवर नाही. त्यामुळे टपावरचं पॅनल एसीला हातही लावू शकत नाही.

चाचांचा मीटर

पण दादाची केस वेगळी होती. त्याची गाडी दिवसभर उन्हात फिरते. कदाचित त्याला फायदा होईल? दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडे गेलो. टपरीएवढं दुकान, मागच्या गल्लीत लूमचा खडखडाट, भिंतीवर वायरींची भेंडोळी. चाळीस वर्षं भिवंडीतल्या ट्रक-टेम्पोंच्या बॅटऱ्या बघितलेला माणूस. त्यांनी जाहिरात शांतपणे वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मशीन झूठ नहीं बोलता. पहले मीटर लगाते हैं."

क्लॅम्प मीटर म्हणजे वायरीला चिमटा लावून त्यातून किती करंट जातोय ते दाखवणारं यंत्र. इंजिन सुरू केलं. पंखा आणि रेडिओ चालू, हेडलाइट बंद. आकडा साडेसात अँपिअरच्या आसपास. हेडलाइट लावल्यावर थेट सोळाच्या वर. पण दिवसा हेडलाइट लागत नाहीत आणि रात्री सूर्य लागत नाही. तेव्हा साडेसात धरले. चौदा व्होल्ट गुणिले साडेसात, म्हणजे शंभर वॉटच्या थोडं वर. बस्स. दादाच्या गाडीची दिवसाची विजेची भूक एवढीच.

बिलाच्या मागच्या बाजूला आम्ही गणित मांडलं. दिवसात गाडी प्रत्यक्ष चालते चार तास. (भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये ८० किलोमीटरला एवढे लागतातच.) शंभर वॉट गुणिले चार तास, म्हणजे ०.४ युनिट. आल्टर्नेटर आणि पट्टा मिळून जवळपास निम्मी ताकद खातात, तेव्हा इंजिनाला द्यावं लागतं ०.८ युनिट. इंजिन डिझेलमधली फार तर एक तृतीयांश ऊर्जा कामाला लावतं, बाकीची उष्णता म्हणून वाया. म्हणजे डिझेलमधून लागणार २.४ युनिट. एका लिटर डिझेलमध्ये असतात साधारण १० युनिट. उत्तर आलं पाव लिटर.

थोडक्यात, आल्टर्नेटरचं काम पूर्णपणे सूर्याने केलं, तरी दादाचं रोज वाचणार पाव लिटर. पाच लिटरमधले पाच टक्के. ही झाली कमाल मर्यादा! प्रत्यक्षात आडवं, तापलेलं, धुळीने माखलेलं १०० वॉटचं पॅनल ६०-६५ वॉटच देतं. म्हणजे बचत दीडशे मिलिलिटर. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर दिवसाला साडेतेरा रुपये. पावसाळा आणि रविवार वगळून वर्षाला २०० दिवस पकडले, तर २७०० रुपये.

जाहिरातीच्या २० टक्क्यांप्रमाणे किती व्हायला हवे होते? रोज एक लिटर, ९० रुपये, वर्षाचे ३०० दिवस. २७ हजार. आमच्या हिशेबापेक्षा बरोब्बर एक शून्य जास्त! २४ हजार वसूल व्हायला एक वर्ष नाही, जवळपास नऊ वर्षं लागली असती. तोपर्यंत जादा बॅटरीच दोन-तीनदा बदलावी लागली असती, तो खर्च वेगळा.

दादा बराच वेळ कागदाकडे बघत होता. "म्हणजे पोरीची फी सूर्याला वाहणार होतो मी," एवढंच म्हणाला.

पण मग रेल्वेने काय केलं?

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला एक आठवण टोचत होती. १४ जुलै २०१७ रोजी रेल्वेने दिल्लीत सफदरजंग स्टेशनवरून टपावर सोलर पॅनल बसवलेली डिझेल लोकल, म्हणजे डेमू गाडी, सुरू केली होती. एकेका डब्यावर ३०० वॉटची १६ पॅनल. सहा डब्यांच्या गाडीमागे वर्षाला २१ हजार लिटर डिझेल वाचेल, असं रेल्वेने तेव्हा सांगितलं होतं. मग रेल्वेला जमतं ते छोट्या हत्तीला का नाही?

बारकाईने बघितलं तर उत्तर मजेशीर आहे. त्या गाडीलाही इंजिनच ओढत होतं, १६०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. सूर्याकडे काम होतं ते डब्यांतले दिवे आणि पंखे चालवण्याचं. आगगाडीचं टप लांबलचक, पंखे-दिवे ढीगभर, ते दिवसभर चालणार आणि वीज साठवायला बॅटऱ्यांची सोय. म्हणजे उन्हाला जागा भरपूर आणि गिऱ्हाईकही तयार.

जगभरचा अनुभव हेच सांगतो. जनरल मोटर्सने १९५५ मध्ये शिकागोत 'सनमोबिल' दाखवली होती, ती जेमतेम १५ इंचांची खेळण्यातली गाडी होती. त्याच कंपनीच्या 'सनरेसर'ने १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या वर्ल्ड सोलर चॅलेंजमध्ये डार्विन ते अॅडलेड हे सुमारे ३००० किलोमीटरचं अंतर ताशी ६७ किलोमीटरच्या सरासरीने पार केलं. पण ती पंख्याच्या पात्यासारखी चपटी, पिसासारखी हलकी, एका माणसाची गाडी. तीत ना डिकी, ना एसी, ना सासूबाईंसाठी मागची सीट! टोयोटाने २००९ च्या प्रियसमध्ये सोलर टपाचा पर्याय दिला, तो कशासाठी? उभ्या गाडीतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा चालवण्यासाठी. स्कॅनियाने २०२३ मध्ये स्वीडनमध्ये रस्त्यावर आणलेल्या हायब्रिड ट्रकच्या ट्रेलरवर तब्बल १०० चौरस मीटर पॅनल होतं. ट्रेलरच १८ मीटर लांबीचा! आणि निव्वळ सोलर कारच्या जिवावर उभी राहू पाहणारी नेदरलँड्सची लाइटइयर कंपनी आपल्या पहिल्या गाडीचं उत्पादन जानेवारी २०२३ मध्ये थांबवून बसली. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो मोटर्सने आपली 'सायन' गुंडाळली.

पुण्याची ईव्हा

मग सोलर कार म्हणजे निव्वळ फुगा? तसंही नाही. आपल्या पुण्यातलीच वेव्ह मोबिलिटी घ्या. या स्टार्टअपने 'ईव्हा' नावाची चिमुकली इलेक्ट्रिक कार २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी एक्स्पोत तिची किंमत जाहीर केली. बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत सव्वातीन लाखांपासून पुढे. टपावरच्या सोलर पॅनलमधून दिवसाला १० किलोमीटरपर्यंत, वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत चालेल एवढी वीज मिळेल, असा कंपनीचा दावा आहे.

तिला जमू शकतं, मग आपल्या हॅचबॅकला का नाही? फंडा साधा आहे. ईव्हा आकाराने इवलीशी आणि वजनाने हलकी. इलेक्ट्रिक मोटर विजेचा बहुतांश भाग चाकापर्यंत पोचवते, डिझेल इंजिनासारखी दोन तृतीयांश उष्णता हवेत सोडत नाही. आणि मुख्य म्हणजे तिची बॅटरी मोठी. पार्किंगमध्ये नऊ तास पडलेलं ऊन साठवायला हंड्यात जागा आहे! छोट्या इलेक्ट्रिक गाडीला एका युनिटमध्ये आठ-दहा किलोमीटर जाता येतं. तेव्हा सूर्याचं एखादं युनिटसुद्धा तिथे लाखमोलाचं ठरतं. तेच युनिट पेट्रोल गाडीच्या टपावर पडलं तर बहुतेक वायाच.

उभ्या गाडीचा हिशेब

परत चाचांच्या दुकानात. कागदाची घडी करून दादा उठायला लागला, तेवढ्यात चाचांनी विचारलं, "दिन में कितना घंटा खड़ा रहता है?"

आणि तिथे सगळी गोष्टच पालटली.

भिवंडी म्हणजे आधी लूम आणि आता गोदामं. मुंबई-नाशिक हायवेला लागून, माणकोलीपासून पडघ्यापर्यंत, पत्र्याच्या शेडमागून शेड. आपण मोबाइलवर बोट फिरवून जे काही मागवतो, त्यातलं कितीतरी इथूनच निघतं. पण या गोदामांच्या गेटबाहेर काय चालतं, ते आपण बघत नाही. नंबर लागेपर्यंत गाड्या रांगेत उभ्या. दादाचे रोजचे तीनएक तास असे जातात. सावली नाही. वर पत्रा, खाली इंजिन, मध्ये माणूस. मग तो केबिनमधला छोटा पंखा लावतो, मोबाइल चार्जिंगला लावतो आणि बॅटरी बसू नये म्हणून दर थोड्या वेळाने इंजिन सुरू ठेवतो. तीन तासांत इंजिन तासभर तरी नुसतंच धडधडतं. चाचांच्या अंदाजाने त्यात अर्ध्या लिटरच्या थोडं कमी डिझेल जातं.

कळलं का? चालत्या गाडीत सूर्य वाचवणार दीडशे मिलिलिटर. उभ्या गाडीत वाचवू शकतो त्याच्या दुपटीहून जास्त! कारण इथे तो आल्टर्नेटरला मदत करत नाही, इंजिनच बंद करायला लावतो. रेल्वेच्या डब्यांचाच फंडा.

शिवाय मागच्या उन्हाळ्यात दोनदा पंख्याच्या नादात बॅटरी बसली होती. नंबर लागला आणि गाडी ढिम्म. दे धक्का! तोवर माल दुसऱ्या टेम्पोत चढला. दोन फेऱ्या बुडाल्या. अशी एक फेरी बुडाली, तर डिझेलची सगळी बचत धुऊन निघते.

मग २४ हजारांच्या किटची गरजच नव्हती. पंख्याला लागतात १५ वॉट, मोबाइलला त्याहून कमी. चाचांनी ५० वॉटचं छोटं पॅनल, कंट्रोलर, २० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी आणि बारा व्होल्टचा पंखा असा जुगाड बसवला. गाडीची मूळ वायरिंग कुठेही कापली नाही. मूळ बॅटरीला हात लावला नाही. टपाला भोक पाडलं नाही, क्लॅम्पवर पॅनल बसवलं. ("भोक मारेगा तो जुलाई में नहाएगा," इति चाचा.) बॅटरीजवळ फ्यूज. खर्च मजुरीसकट साडेसहा हजार. शाळेची १८ हजारांची फी बाजूलाच राहिली.

मे महिन्यात दादाने वहीत रोजचं डिझेल लिहिलं. एरवी कामाच्या २४ दिवसांत १२१ लिटर जायचं, यंदा ११३ गेलं. आठ लिटर कमी, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. याचं सगळं श्रेय सूर्याला नाही हं! त्याच महिन्यात चाचांनी चारही टायरमध्ये हवा नीट भरून दिली होती आणि सुट्ट्यांमुळे रस्ते जरा मोकळे होते. तरी याच गतीने साडेसहा हजार नऊ-दहा महिन्यांत सुटतील. पावसाळा धरून वर्ष म्हणा. जाहिरातीतलं 'वर्षभरात वसूल' खरं ठरलं, फक्त वेगळ्याच रस्त्याने!

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण रांगेत उभ्या ट्रकचा एसी इंजिनावरच चालणार आणि छोट्या हत्तींना तर हा नियम लागूच नाही. त्यांच्यासाठी पंधरा वॉटचा पंखा हाच एसी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. मागे गोदामाच्या गेटवरचा गोंगाट, पण इंजिनाची धडधड नव्हती. "फी भरली," तो म्हणाला. "आणि ऐक, दुपारी रांगेत झोप लागली मला. तीन वर्षांत पहिल्यांदा!"

मायलेजच्या कुठल्याच जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

तुमच्या गाडीसाठी पाच टिप्स

• पेट्रोल-डिझेल गाडीच्या टपावर पॅनल लावून मायलेज वाढवण्याच्या फंदात पडू नका. कुणी १५-२० टक्के म्हणालं तर शांतपणे विचारा, "माझ्या गाडीला दिवसा किती अँपिअर लागतात?" उत्तर आलं नाही तर नमस्कार करा.

• गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर बॅटरी जिवंत ठेवायला कंट्रोलरसकट छोटं पॅनल उपयोगी पडतं. मात्र वायरिंग कापलं तर वॉरंटीवर आणि विम्यावर प्रश्न येऊ शकतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबाबत आहे, तेही विसरू नका.

• टायरमधली हवा महिन्यातून दोनदा तपासा. ४५ ते ५५ च्या स्पीडमध्ये गाडी ठेवा. सिग्नल लांब असेल तर इंजिन बंद करा. यात फुकटात जेवढं वाचतं, तेवढं टपावरचं पॅनल देणार नाही.

• पार्किंगमध्ये सावली शोधा. गाडीत बसल्यावर आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवा आणि मगच एसी लावा.

• सोलरची हौस आहेच? मग पॅनल गाडीच्या नाही, घराच्या किंवा सोसायटीच्या टपावर लावा. एक किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी एक किलोवॉटला ३० हजार, तर तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांची सबसिडी ठेवली आहे. त्या विजेवर इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज केली, तर एका युनिटमध्ये तीसएक किलोमीटर. सूर्यावर गाडी चालवायची ती अशी, बॉस!